पाईपच्या तंबाखूचा वास आणि तिची चव : तुमचा अनुभव सांगा

मालवणला आमच्या घराच्या पडवीत आजोबांची आरामखुर्ची असायची. तीस-पस्तीस वर्षं बोटीवर काढून ते घरी परतले ते पाईप घेऊनच. दिवेलागण झाली, आजी तुळशीपुढे पणती ठेवून आत वळली, की खुर्चीतून काडी ओढल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ तो वास. व्हॅनिलाचा, करपायच्या बेतात आलेल्या साखरेचा, जरासा मनुकांचा. पडवीतून माजघर, माजघरातून थेट चुलीपर्यंत. परवचा म्हणताना आम्ही पोरं मुद्दाम पडवीच्या बाजूला सरकून बसायचो.

पाकीट पांढरं, कॅप्टन ब्लॅक तंबाखूचं. त्यात नाक घातलं की तोंडाला पाणी सुटायचं. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्यासमोरच पाईप पेटवला. त्यांनी अडवलं नाही. जीभ केकची वाट बघत होती आणि मिळाली गरम वाफ, कडसर पाणी, शेंड्यावर अननस जास्त खाल्ल्यासारखी चरचर. पाईप परत घेत आजोबा म्हणाले, "वास तुमका, चटको माका."

मी पुन्हा कधी ओढला नाही. पण ते वाक्य मनातून गेलं नाही. एवढा सुंदर वास ओढणाऱ्याच्या तोंडात पोचत नसेल तर त्याला मिळतं तरी काय? पाईप ओढलेल्यांनी, शेजारी बसलेल्यांनी, गुडगुडी पाहिलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. पाकिटातला वास, धुराचा वास आणि तोंडातली चव यांत तुम्हाला काय फरक वाटला?

दापोलीहून

मी बरीच वर्षं अन्नप्रक्रिया शिकवली, म्हणून आधी एक प्रयोग सांगतो. नाक चिमटीत धरा आणि चमचाभर श्रीखंड जिभेवर ठेवा. गोड कळेल, आंबट कळेल, बाकी काही नाही. आता चिमटी सोडा. वेलची आणि केशर एकदम उमलून येतील. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच समजतं. बाकी जिला आपण चव म्हणतो तो घशामागून नाकात चढलेला वास असतो.

पाईपवाले धूर सहसा छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात. तो नाकाच्या मागच्या दाराने वर गेलाच नाही, तर हाती उरतं ते फक्त जिभेचं: कडू, झोंबरं, गरम. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. मग एका मित्राने शिकवलं, तोंड मिट आणि थोडासाच धूर हळूच नाकावाटे सोड. नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण त्या दिवशी मला तंबाखूत पहिल्यांदा भाजलेला शेंगदाणा सापडला. ती बर्ली जातीची तंबाखू होती.

आणि पाकिटातला तो गोड वास बहुतेक वेळा तंबाखूचा नसतोच. कॅव्हेंडिश म्हणजे वाफवून, दाबून मऊ केलेलं पान. त्यावर शेवटी व्हॅनिला, चेरी, रम अशा स्वादांचा हात फिरवतात. बर्लीच्या पानात साखर अगदी कमी, पण ते स्वाद स्पंजासारखे पिऊन घेतं. हे स्वाद फार हलके. विस्तव जवळ आला की उडायला लागतात आणि खोलीभर पसरतात. माझ्या तोंडात ते पहिल्या पाच-सात झुरक्यांपुरते राहत. त्यानंतर खाली जळते ती नुसती तंबाखू. तुमचे आजोबा अगदी बरोबर बोलले.

हर्णैहून

ओढणाऱ्याला वास न येण्याचं आणखी एक कारण आहे. आम्ही बंदरात लिलावाला उभे असतो तेव्हा मासळीचा वास आम्हाला येतच नाही, पाहुणा मात्र रुमाल काढतो. नाक सरावतं. मी पाईप ओढताना मध्येच उठून पुळणीवर चक्कर मारून यायचो. परत येताना अंगणातच माझ्याच धुराचा वास भेटायचा. तेवढा एकच क्षण मला तो बाहेरच्या माणसासारखा मिळे.

देवगडहून

आंब्याच्या आढीची खोली आठव्या-नवव्या दिवशी उघडल्यावर जो वास येतो, तो ज्याच्या नाकात बसलाय त्याला जुनी व्हर्जिनिया तंबाखू वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पेंढा आणि त्यात पिकणारं फळ. मेहुण्याने बाहेरून आणलेला एक डबा माझ्या कपाटात नऊ वर्षं बंद पडून होता. तंबाखू वडीसारखी दाबून पातळ कापलेली, वर्ख न लावलेल्या बर्फीच्या कापासारखी. झाकण निघालं आणि सुकं अंजीर, पेंढा, मागे किंचित आंबूस असा वास आला. वरून काही शिंपडलेलं नव्हतं.

ही एकच जात अशी, जिच्यात मला डब्यातला वास आणि तोंडातली चव जवळजवळ एक वाटली. व्हर्जिनियाचं पान भट्टीत नळ्यांच्या उष्णतेवर वाळवतात, धूर लागू देत नाहीत. म्हणून ते पिवळं राहतं आणि त्यातली साखरही टिकते. आपल्याकडे आंध्रात गुंटूर, राजमहेंद्रीकडे आणि कर्नाटकात म्हैसूरकडे हेच पान पिकतं. पण ही गोडी हातघाईने मिळत नाही. विस्तव जेमतेम जिवंत राहील इतकाच झुरका घ्यावा लागतो. मी पहिल्या दिवशी विडीसारखी ओढली आणि रात्री सोलकढीसुद्धा जिभेला लागून डोळ्यांत पाणी आणून गेली. तीच तंबाखू, तोच पाईप, दुसऱ्या दिवशी बागेत कलमाखाली बसून पाऊण तास पुरवली, तेव्हा पेंढ्यातलं अंजीर तोंडात आलं.

धागाकर्ता

दापोलीकर, श्रीखंडाचा प्रयोग काल रात्री घरी सगळ्यांनी केला. आईला तर पटेचना, तिने तीनदा केला. देवगडकर, आढीची उपमा वाचून दोन मिनिटं थांबलो. आजोबा झुरके फार जवळजवळ घ्यायचे, हे आता आठवतंय.

रत्नागिरीहून

माझा अनुभव तुमच्या उलटा आहे. वास वाईट आणि चव अप्रतिम.

मी इंजिनरूमला होतो. आमचे चीफ इंजिनियर ग्रीक. त्यांनी पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा मी खरंच केबलचं आवरण जळतंय का म्हणून पॅनेलकडे धावलो. डांबर, चामडं, आणि वैशाखात राब भाजल्यावर अंगाला चिकटून घरी येतो तो धूर. ती लाताकिया तंबाखू. सिरियाच्या लाताकिया बंदरावरून नाव पडलं, पुढे सायप्रसमध्येही होऊ लागली. पान वाळवून झाल्यावर सुगंधी झाडाझुडपांच्या धुरावर दीर्घकाळ धुरवतात. काळंकुट्ट होतं. मेसमध्ये त्यांनी पाईप पेटवला की टेबलं रिकामी होत.

एकदा रात्रपाळी संपवून आम्ही दोघं डेकवर उभे होतो. त्यांनी आपला पाईप बाहीला पुसून माझ्या हातात दिला. मी श्वास रोखूनच पहिला झुरका घेतला. आणि तोंडात काय आलं म्हणता? थंडावा. धूर इतका मऊ की जिभेला काही टोचेना. थोडं खारट, थोडं चिंचेसारखं, मागून चुलीत भाजलेल्या काजूच्या टरफलासारखं काहीतरी. तो जळका वास तोंडात शिरल्यावर जणू दुसरंच काही झाला. सुकट भाजताना शेजारी खिडक्या लावून घेतात आणि त्याच सुकटीची चटणी पानात पडली की भाताचं पातेलं खरवडलं जातं, अगदी तसं.

निवृत्तीनंतर घरी आणली. बायकोने एका संध्याकाळीच विहिरीपलीकडची जागा नेमून दिली. आणखी एक शिकलो. लाताकिया ओढलेल्या पाईपमध्ये नंतर गोड तंबाखू भरली तरी पुढे कित्येक दिवस त्यात धूरच लागतो. हे पाईप ब्रायरचे, भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेले. लाकूड जुन्याची आठवण सोडत नाही. आमच्याकडे माशाचं मडकं आणि दुधाचं मडकं वेगळं असतं, तसे मी दोन पाईप वेगळे ठेवले.

वेंगुर्ल्याहून

मी ओढलेला नाही, पंचवीस वर्षं शेजारी बसले आहे. धाग्यात दोनच वास आलेत, मला तिसरा सांगायचा आहे. संध्याकाळचा वास मलाही आवडायचा. ह्यांची तंबाखू चेरीची असायची, आणि फेब्रुवारी-मार्चात दारात सुरंगीचे वळेसर असले की दोन्ही वास एकत्र होऊन घर लग्नघरासारखं वाटे. पण सकाळी पडदे बाजूला करताना जो वास येई तो ओल्या राखेचा, आंबलेला, डोकं धरवणारा. उशीच्या अभ्र्यालाही तोच. चेरी रात्रीतच कुठे तरी निघून जायची आणि माझ्या वाट्याला हे उरायचं. ह्यांना तो वास कधीच आला नाही. मी सांगितलं की मनापासून आश्चर्य वाटायचं त्यांना.

अलिबागहून

पावसाळ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आपल्या हवेत तंबाखू दमट होते आणि दमट तंबाखूचा वास अधिकच छान येतो, म्हणून माणूस फसतो. जुलैमध्ये पाकीट उघडलं की रमकेक. पेटवली की विझते, पुन्हा पेटवा, पुन्हा विझते, नळीत बुडबुड वाजायला लागतं आणि तोंडात येते ती वाफ. जीभ धुराने कमी आणि वाफेने जास्त पोळते. त्यातून स्वाद लावलेल्या तंबाखूत ओलावा टिकावा म्हणून बऱ्याचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ती लवकर सुकतही नाही. मी वर्तमानपत्रावर पसरून अर्धा तास ठेवायचो. बोटात धरून दाबल्यावर गोळा न होता सुटी झाली की तयार. अशी सुकवलेली तंबाखू नाकाला फिकी लागते, जिभेला मात्र बोलकी.

गुहागरहून

पणजोबांची गुडगुडी घरात अजून आहे. अख्ख्या नारळाची करवंटी, वर चिलीम, बाजूला बोरूची नळी. गुडगुडीचं नारगिले हे नावसुद्धा फारसीतल्या नारळावरूनच आलंय, हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आली आणि असद बेग नावाचा मोगल दूत १६०४ च्या सुमारास विजापूरहून ती अकबराच्या दरबारात घेऊन गेला. त्या काळी दाभोळ बंदर विजापूरचंच. पणजोबा तंबाखू गुळात मळून ठेवत. वडील सांगायचे, गोळ्याला काकवीच्या कढईसारखा वास यायचा, पण पाण्यातून आलेला धूर तोंडाला अगदी अळणी लागायचा. पणजोबा म्हणत की गूळ मुंग्यांसाठी आणि नातवंडांसाठी.

चिपळूणहून

मी परिचारिका आहे. वरचं सगळं मन लावून वाचलं, माझे मामाही पाईप ओढत. धूर छातीत घेत नाही म्हणून काही होत नाही, असं ते म्हणायचे. पण पाईप आणि सिगारच्या धुराचं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, आणि तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग पाईपनेही होतो. मामांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला. त्याला ते सहा महिने "जीभ पोळल्ये" म्हणत राहिले, कारण जीभ पोळणं त्यांना रोजचंच होतं. दोन आठवड्यांत बरा न होणारा चट्टा किंवा जखम दाखवून घ्या, एवढं मला इथे लिहायचंच होतं. त्यांची चव ऑपरेशनच्या आधीच गेली होती. वास मात्र शेवटपर्यंत यायचा. खिशात रिकामं पाकीट ठेवत आणि मधूनमधून हुंगत.

धागाकर्ता

चिपळूणच्या ताई, तुमचं लिहिणं वाचून आईला फोन केला. आजोबा गेले ते हृदयविकाराने, तोंडाचं काही नव्हतं, पण तिलाही हे माहीत असायला हवं होतं.

काल गावी आलो होतो. आजोबांचा पाईप आईने पितळी डब्यात कापसात गुंडाळून ठेवलाय. डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि वाटीला नाक लावलं. व्हॅनिला नाही, साखर नाही. नारळाच्या विझलेल्या सोडणासारखा करपट, कडू, आणि खोलवर जरासा खोबऱ्याच्या तेलासारखा खवट वास. मला अगदी अनोळखी. आईकडे दिला. तिने एकदा वास घेतला आणि लगेच म्हणाली, "हो, हाच. तू तान्हा होतास तेव्हा ते तुझा पापा घ्यायचे ना, तुझ्या गालाला हाच वास यायचा."