मदत हवी आहे : टायर मोठे करून गाडी उंच केली, तर उलटण्याचा धोका वाढेल का?

माझ्याकडे २०१२ सालची, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली सात आसनी गाडी आहे. मे अखेरीस कोल्हापूरहून राजापूरला जाताना अणुस्कुरा घाटात अचानक रेडकू आडवे आले. मी स्टिअरिंग डावीकडे आणि लगेच उजवीकडे फिरवले, तेव्हा दुसऱ्या झटक्याला गाडी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कलंडली. मागे आई बसली होती, टपावर खताची दोन पोती होती. थांबून पाहिले, तर पुढच्या डाव्या टायरवर नक्षीच्या बाहेर, थेट टायरच्या बाजूवरच्या अक्षरांपर्यंत डांबराचे ओरखडे उमटले होते. आईला दणके बसू नयेत म्हणून मीच हवा ३२ ऐवजी २४ पीएसआय ठेवली होती. ती चूक आता सुधारली आहे.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की, २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर घालावेत आणि गाडी उचलणारे ५० मिलिमीटरचे ठोकळे (स्पेसर) टाकावेत, म्हणजे गाडी रस्ता धरून राहील. मला इथेच शंका आहे. डाव्या-उजव्या चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, की गाडी किती सहज उलटेल याचा ढोबळ अंदाज येतो. माझ्या गाडीत ते निम्मे अंतर ७२५ मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य ७०० धरला, तर भागाकार १.०४ येतो, आणि तो साधारण ६० मिलिमीटर वर गेला, तर ०.९५. टायरची पकड या भागाकाराहून जास्त झाली, की गाडी घसरण्याआधी उलटते; कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड ०.८ च्या आसपास असते. शिवाय वळणात टप झुकून गुरुत्वमध्य बाहेर सरकतो, म्हणजे प्रत्यक्षातली मर्यादा आणखी खाली येते. मग पकड वाढवल्याने गाडी घसरण्याऐवजी उलटण्याकडेच जाणार नाही का?

शॉकअब्सॉर्बर ८०,००० किलोमीटर चाललेले आहेत. एका बाजूला झुकलेली गाडी पाट्यांच्या जोरावर उसळून दुसरीकडे गेली आणि शॉकअब्सॉर्बरना ती आवरता आली नाही, असे मला वाटते. म्हणून टायर मूळ मापाचेच ठेवून आधी शॉकअब्सॉर्बर बदलावेत का? मागे अँटी-रोल बार (डावे-उजवे चाक जोडणारा, पीळ घेणारा दांडा) बसवल्यास झुकणे कमी होईल, पण ओल्या वळणावर मागची चाके आधी घसरतील का? अशा गाडीत ज्यांनी हा बदल स्वतः करून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गणपतीला घरच्या सहा जणांना घेऊन त्याच घाटाने जायचे आहे. टपावरचा कॅरिअर मी काढून ठेवला आहे.