भावना गुंतल्याशिवाय फोटोला अर्थ येतो का?

टिळकचौकवाला
गड्डा, म्हणजे आपल्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संपला की मोबाइलवर फोटोंचा पूर. यंदाही संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचे, किती आले, मोजदाद नाही. पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, वर नंदीध्वजांच्या उंच काठ्या, मागं तळं. सगळे सुबक आणि सगळे एकाच साच्यातले. माझं मत स्पष्ट आहे : काढणाऱ्याच्या आत काही हललं नसेल तर फोटो नुसता चकचकीत होतो. १९८४ साली भोपाळमध्ये वायुगळतीनंतर छायाचित्रकार रघु राय यांनी पुरल्या जाणाऱ्या लेकराचा फोटो काढला. मातीतून उघडा राहिलेला चेहरा आणि त्यावरून फिरणारा हात. हे नुसत्या लेन्सचं काम नाही. बोला.

स्टुडिओवाला_अशोकचौक
बोलतो की ओ! त्याच लेकराचा फोटो पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही काढलाय, रंगीत. वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा मान त्याला मिळाला. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि कुणाच्या आत जास्त हललं होतं ते सांगा. नाही सांगता येणार.

मी लग्नांचे फोटो काढतो. पाठवणीच्या वेळी व्हिडिओवाल्याचा दिवा पिवळा, मांडवाच्या ट्यूब पांढऱ्या; माझं डोकं त्या रंगातच अडकलेलं असतं. मुलीचा बाप तोंड लपवायला खांबाकडं वळला, उपरण्यानं डोळे पुसायला लागला. केटररचा पाण्याचा ड्रम मधे येत होता म्हणून मी दोन पावलं डावीकडं सरकलो आणि बटण दाबलं. आत काय हललं? काहीच नाही, जेवायचं राहिलं होतं. अल्बममध्ये ते पान आलं की ती मुलगी रडते. रडू तिचं आहे, माझं नाही.

मानसशास्त्र_मास्तर
दोघंही थोडं थांबा. लिंडा हेंकेल या अमेरिकन संशोधक बाईंनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संग्रहालयात काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला लावल्या. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. लक्षात ठेवायचं काम आपण कॅमेऱ्यावर टाकून मोकळे होतो. पण ज्यांना झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपायला सांगितलं, त्यांची आठवण तशी घसरली नाही. म्हणजे प्रश्न भावनेपेक्षा लक्षाचा दिसतो. स्टुडिओवाल्यांना तो ड्रम अजून आठवतोय, हे ध्यानात घ्या.

पूर्वभागातली
तुमचं सगळं काढणाऱ्याच्या मनाबद्दल चाललंय. समोरच्याचं काय?

माझी अम्मा विड्या वळते. आमच्या गल्लीत हळव्या मनाचे फोटोग्राफर लै येतात. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली, भिजवलेली पानं साच्याच्या मापानं कात्रीनं कापतेय, चिमटीनं तंबाखू भरतेय, नखानं तोंड दुमडतेय. ह्यांना हवा तिचा काळवंडलेला अंगठा आणि खिडकीतला उजेड. "मावशी, वर बघू नका." का बघू नये? कारण वर बघितलं की ती हसते, आणि हसली की ह्यांची करुणा बिघडते.

१९३६ मध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग यांनी मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगभर गाजला. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळायला १९७८ उजाडलं. तो फोटो काढलाच नसता तर बरं, असं ती म्हणाली होती.

आमच्या भिंतीवर अम्माचा एकच फोटो आहे. स्टुडिओतला, जरीचं पातळ, मागं बर्फाच्या डोंगराचा पडदा. चेहऱ्यावर भाव शून्य. तो तिनं स्वतः निवडलाय.

टिळकचौकवाला
ताई, राग समजतो, पण उदाहरण माझ्या बाजूचं आहे. लँगबाई त्या तळाची पाटी मागं टाकून वीसेक मैल पुढं गेल्या होत्या. मनाला चैन पडेना म्हणून गाडी वळवली. नुसतं तंत्र असतं तर त्या थेट घरी गेल्या असत्या. आणि तिथले फोटो छापून आल्यावर तळावर सरकारी धान्य पोचलं, हेही सांगा की.

पूर्वभागातली
पोचलं. तोवर ते कुटुंब तिथून निघून गेलेलं. गाडी वळवली हे खरंच, पण नाव विचारलं नाही, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहिलंय. चैन कुणाची गेली आणि मिळाली कुणाला, एवढंच विचारते.

मानसशास्त्र_मास्तर
हा प्रश्न प्रयोगात बसत नाही.

टिळकचौकवाला
मग गड्ड्याच्या गर्दीत मी प्रत्येकाला नाव विचारत फिरू का? अक्षता पडेपर्यंत एकाशीच बोलणं व्हायचं.

पूर्वभागातली
गर्दीचं सोडा. घरात शिरून काढता तेव्हा विचारा. आणि काढलेले सगळे दाखवा, कुठला ठेवायचा ते अम्मा सांगेल.

स्टुडिओवाला_अशोकचौक
मी बाई पहिल्यापासून तेच करतो, गिऱ्हाइकानं निवडल्याशिवाय पैसेच मिळत नाहीत. बाकी तो बर्फाच्या डोंगराचा पडदा आमचाच असणार. डाव्या कोपऱ्यात शिवण उसवलेली दिसते का बघा.