२३७४ : डोमिनियन युद्ध फिरलं ते रोम्युलनांमुळेच

धागाकर्ता :
'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'चा सहावा सीझन, म्हणजे कथेतलं २३७४ साल. पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ असलेलं फेडरेशन आणि डोमिनियन हे आक्रमक साम्राज्य यांचं युद्ध चालू आहे; रोम्युलन ही तिसरी सत्ता. वर्महोलमध्ये (डोमिनियनच्या मुलखाकडून येणारा अवकाशातला बोगदा) डोमिनियनची २८०० जहाजं गडप झाली तिथेच युद्ध फिरलं, असं सर्रास म्हणतात. मला पटत नाही. फेडरेशनचा डॉक्टर बशीर आणि त्या जनुकीय बदल केलेल्या मंडळींनी हिशेब मांडला तो त्यानंतर : लढत राहिलात तर ९०० अब्ज बळी, त्यापेक्षा शरण जा. पुढे फेडरेशनचा ग्रह बेटाझेड दहा तासांच्या आत पडला, कारण राखणीचा दहावा ताफा सरावात गुंतून भलतीकडेच होता. जिंकणाऱ्या बाजूची ही लक्षणं नव्हेत.

प्रतिसाद १ :
साफ असहमत. वर्महोलच्या तोंडावर फेडरेशनने पेरलेले सुरुंग नुसते अदृश्य नव्हते. एक फुटला की बाकीचे त्याच्या जागी नवा तयार करत. डोमिनियनच्या बाजूच्या कार्डेशियन डॅमारने तोड काढली : त्यांच्या ताब्यातल्या 'डीप स्पेस नाइन' स्टेशनच्या डिफ्लेक्टर यंत्रातून अँटिग्रॅव्हिटॉन किरण सोडून आधी ही पुनर्निर्मिती बंद पाडायची, मग सुरुंग उडवायचे. फेडरेशनच्या बाजूने स्टेशनवर घातपात करणाऱ्या रॉमने शस्त्रांची वीज तोडली, पण क्षणभर उशिरा. रस्ता मोकळा झालाच होता! आधीच फेडरेशनच्या सातव्या ताफ्याच्या ११२ जहाजांपैकी १४ परतली होती. त्यात ही २८०० आली असती, तर रोम्युलन कुणाच्या मदतीला येणार होते?

धागाकर्ता :
त्याने पराभव टळला, हे मान्य. पण टळणं वेगळं, फिरणं वेगळं. रोम्युलनांचा डोमिनियनशी अनाक्रमण करार होता. डोमिनियनचे सैनिक जेम'हदार रोम्युलनांच्याच हद्दीतून येऊन हल्ले करत होते. ते दार बंद झालं ते रोम्युलन सिनेटर व्रीनाकच्या मृत्यूने; त्यानंतर रोम्युलन डोमिनियनविरुद्ध युद्धात उतरले.

प्रतिसाद २ :
आणि तेही डोमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार असल्याच्या बनावट पुराव्याच्या जोरावर, हे विसरू नका. तो पुरावा भरायला लागणाऱ्या अस्सल कार्डेशियन डेटा रॉडसाठी (माहिती साठवायची कांडी) स्टेशनचा प्रमुख सिस्को याने ८५ लिटर बायोमिमेटिक जेल, हा निर्बंध असलेला पदार्थ, दिला, बशीरने लेखी आक्षेप नोंदवूनही. एवढं करून व्रीनाकने बनाव ओळखलाच. सिस्कोचा साथीदार, माजी कार्डेशियन हेर गॅरॅकने त्याचं शटल उडवलं, म्हणून रॉडमधल्या त्रुटी स्फोटाच्या खात्यात गेल्या. फेडरेशनने असं जिंकावं हे मला आजही मान्य नाही.

प्रतिसाद १ :
नीतीचा मुद्दा रास्त आहे. पण वर्षअखेरीची, कार्डेशियन हद्दीतली चिन'टोका मोहीम बघा. रोम्युलन सोबत असूनही कार्डेशियन स्वयंचलित शस्त्रतळांनी ताफा भाजून काढला. फेडरेशनचा अभियंता ओब्रायन याने त्यांच्या वीजकेंद्रावर फेडरेशनची वॉर्प-खूण (जहाजाच्या इंजिनाची ओळखखूण) चढवली, तेव्हा तळांनी स्वतःचंच केंद्र फोडलं. त्याच वेळी कार्डेशियन डुकाटने सिस्कोची सहकारी जॅडझिया हिला मारून वर्महोल बंद पाडलं, आणि सिस्को स्टेशन सोडून निघाला.