स्ट्रेप्टोमायसिसच्या बॅचमध्ये ३६-४० तासांनी बॅसिलस : शोध कुठून सुरू करायचा?

प्रश्न – पेट्रीडिश

नमस्कार. ३० किलोलिटरचा फर्मेंटर आहे, भरणा २० किलोलिटर. कल्चर स्ट्रेप्टोमायसिस (तंतूंनी वाढणारा जिवाणू), तापमान २८° से. मीडियात लिटरमागे सोयापीठ २५ ग्रॅम, स्टार्च ३० ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट ५ ग्रॅम. स्टरिलायझेशन टाकीतच होतं, १२१-१२२° वर ३० मिनिटं. तापमानाच्या चार्टवर कधीही खोट दिसत नाही.

अडचण अशी की अधूनमधून एखाद्या बॅचमध्ये ३६ ते ४० तासांच्या सुमारास स्लाइडवर ग्राम पॉझिटिव्ह दांडे दिसतात. ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा झपाट्याने खाली येतो, पीएच वर सरकतो. त्याच बॅचचा २४ तासांचा नमुना प्लेटवर स्वच्छ असतो, सीडही (टाकीत सोडायचं सुरुवातीचं कल्चर) स्वच्छ असतं. त्यामुळे प्लांटचं म्हणणं, जंतू २४ तासांनंतर शिरतोय, म्हणजे दोष हवेचा. हवेचे फिल्टर बदलून झाले, फरक पडला नाही. आता होल्ड (१२१° वर धरून ठेवायचा वेळ) ३० वरून ४५ मिनिटांवर न्यायचा विचार चालू आहे. त्याने काम होईल का? नाहीतर तपासाचा क्रम काय ठेवावा?

उत्तर १ – बीजाणू

'२४ तासांनंतर शिरला' हा निष्कर्ष आधी बाजूला ठेवा. हिशोब करून पाहू.

समजा शून्य तासाला संपूर्ण टाकीत एकच बीजाणू (जिवाणूचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) जिवंत राहिला. अंकुरायला २ तास लागले आणि पुढे दर ५० मिनिटांनी तो दुप्पट होत गेला. २४ तासांपर्यंत २६ च्या वर दुपटी होतात, म्हणजे साधारण ९ कोटी पेशी. टाकीत २ कोटी मि.लि. द्रव आहे. मि.लि.मागे पेशी आल्या ४ ते ५. तुम्ही प्लेटवर ०.१ मि.लि. पसरवत असाल तर सरासरी अर्धी वसाहतसुद्धा येणार नाही. तीच पेशी ३८ तासांपर्यंत ४३ दुपटी करते आणि मि.लि.मागे ५ लाखांच्या आसपास पोहोचते. मायक्रोस्कोपखाली सहज दिसायला लागायची पातळी हीच. म्हणजे तुमचं चित्र 'सुरुवातीपासून एकच पेशी' याच्याशी तंतोतंत जुळतं. ते आणखी एका शक्यतेशीही जुळतं: १८ तासांच्या सुमारास दहाएक लाख पेशी एकदम शिरणं, उदाहरणार्थ गळक्या कॉइलमधून (टाकी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीतून). या दोहोंत फरक करायचा तो जंतूच्या ओळखीवरून.

त्यासाठी आधी खात्री करा की तो खरंच बॅसिलस (बीजाणू करणारा दांड्याच्या आकाराचा जिवाणू) आहे. स्ट्रेप्टोमायसिसचे तंतू तुटले की तुकडे ग्राम पॉझिटिव्ह दांड्यांसारखेच दिसतात आणि भलेभले फसतात. ओल्या स्लाइडवर हालचाल पाहा, कारण तंतूंचे तुकडे पोहत नाहीत. मॅलेकाइट ग्रीनने बीजाणू रंगवा. न्यूट्रिएंट अगारवर ३७° ला रेघ ओढा: बॅसिलस १२ ते १८ तासांत पसरट वसाहत देतो, स्ट्रेप्टोमायसिसला खडूसारखी कोरडी वसाहत द्यायला दोन-तीन दिवस लागतात.

मग प्रत्येक दूषित बॅचचा जंतू शुद्ध करून जपून ठेवा आणि एकमेकांशी ताडून पाहा. दर वेळी तोच एक बीजाणूधारी जंतू, सोबत दुसरं काही नाही, तर मीडिया किंवा उपकरणाचा कुठला तरी भाग नीट तापलेला नाही असा संशय घ्या. स्यूडोमोनाससारखे ग्राम निगेटिव्ह दांडे किंवा तीन-चार जातींची सरमिसळ दिसली तर पाण्याकडे वळा. गोलाणू असतील तर हवा, हाताळणी, सीड जोडतानाची जागा.

आणि नमुन्याची पद्धत बदला. शून्य तासापासून दर ४ तासांनी ५० मि.लि. नमुना काढून ४° ला ठेवून द्या. बॅच बिघडली तर मागे मागे जात १० मि.लि. नमुना ९० मि.लि. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये टाकून ३७° ला हलवत ठेवा आणि ८ ते १२ तासांनी स्लाइड पाहा. त्या ब्रॉथमध्ये बॅसिलस स्ट्रेप्टोमायसिसला सहज मागे टाकतो. अशा पद्धतीने मि.लि.मागे एखादी पेशी असली तरी सापडते. नमुन्याचा व्हॉल्व्ह दर वेळी किमान १५ मिनिटं वाफेखाली राहिला पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्हमधला जंतू टाकीच्या नावावर चढेल.

उत्तर २ – वाफ आणि व्हॉल्व्ह

४५ मिनिटांबद्दल. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या सर्वांत चिवट समजल्या जाणाऱ्या बीजाणूची १२१° वरची डी-व्हॅल्यू (बीजाणू दहापट कमी व्हायला लागणारा वेळ) दीड मिनिट धरू. मीडियात मि.लि.मागे एक लाख बीजाणू आहेत असं जास्तीत जास्त मानलं तरी २० किलोलिटरमध्ये २ लाख कोटी होतात. हजार बॅचमागे एक फसली तर चालेल असं ध्येय ठेवलं तर १५.३ लॉग घट लागते (एक लॉग म्हणजे दहापट घट). गुणिले दीड, म्हणजे २३ मिनिटं. तुमची ३० मिनिटं पुरेशी आहेत, तीही तापवताना आणि थंड करताना मिळणारा मार न मोजता. शिवाय २८° ला वाढणाऱ्या बॅसिलसचे बीजाणू याहून कितीतरी लवकर मरतात. ते जगले याचा अर्थ ते जिथे बसले होते तिथे १२१° ची ओली उष्णता पोहोचलीच नाही. थंड कोपऱ्याला १५ मिनिटं जास्त दिल्याने तो तापत नाही. उलट साखर आणि अमिनो आम्लं जळून मीडिया काळपट होतो आणि उत्पादन घसरतं.

१२१° वर ३० मिनिटांत जेवढं मरतं तेवढं १११° वर मरायला ३०० मिनिटं लागतात. दाबावर विसंबू नका. गेजवर १.०५ बार दिसतोय पण पोकळीत एक तृतीयांश हवा अडकली आहे, तर तिथलं तापमान जेमतेम १०९° असतं. त्या ठिकाणी तुमच्या ३० मिनिटांचं मोल दोन मिनिटांपेक्षा कमी.

म्हणून चार्टवरचा एक सेन्सर सोडा आणि संपर्क थर्मोमीटर घेऊन होल्ड चालू असताना टाकीभोवती फिरा. मॅनहोलचं नोजल, सीड लाइनची जोडणी, फीड आणि अँटीफोमच्या (फेस मारणाऱ्या द्रवाच्या) लाइन्स, सॅम्पल व्हॉल्व्ह, तळाचा व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट लाइन, प्रोबची पोर्ट्स. पाइपच्या बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा थोडं कमीच येतं, पण शेजारच्या लाइनपेक्षा ८-१० अंशांनी थंड जागा सापडली तर तिथे हवा किंवा कंडेन्सेट (वाफेचं पाणी) साचलंय. स्टीम ट्रॅपच्या (वाफ अडवून कंडेन्सेट बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधीची नळी थंड असेल तर ट्रॅप बंद पडलाय. आडव्या लाइनला मीटरमागे किमान एक सें.मी. उतार हवा. आंधळ्या नळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. जुन्या टाक्यांवर वापरात नसलेलं, नुसतं ब्लाइंड फ्लँज लावून बंद केलेलं नोजल हमखास असतं. ते कापून काढा किंवा त्याला ब्लीड (वाफ बाहेर सोडणारी छोटी वाट) द्या.

स्पार्जर (टाकीत हवा सोडणारी भोकांची रिंग) विसरू नका. हवा बंद पडली की मीडिया उलटा रिंगमध्ये चढतो, भोकांशी वाळतो, आणि पुढच्या बॅचला त्या खपलीच्या आत कोरडी उष्णता मिळते. वाफ स्पार्जरमधूनही आत गेली पाहिजे आणि रिंग दर धुलाईनंतर उघडून पाहिली पाहिजे. तापवताना फेस एक्झॉस्टपर्यंत चढत असेल तर तिथेही हेच घडतं.

थंड करतानाचा क्षणही तपासा. ११०° च्या आसपास निर्जंतुक हवा सुरू होऊन दाब ०.५ बारच्या वर टिकला पाहिजे. हवा उशिरा उघडली तर वाफ आकसून टाकीत निर्वात होतो आणि प्रत्येक गॅस्केट, प्रत्येक ओ-रिंग बाहेरचं आत ओढते. ढवळणीच्या दांड्यावरच्या मेकॅनिकल सीलच्या कंडेन्सेटचा दाबही टाकीपेक्षा किमान एक बार जास्त असू द्या.

उत्तर ३ – कॉइलवाला

कॉइलबद्दल थोडं, कारण ती शक्यता अजून खुली आहे. किण्वन चालू असताना कॉइलमध्ये पाणी ३ बारला आणि टाकी ०.७ बारला असेल तर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही पाणी आतच येणार. स्टरिलायझेशनच्या वेळी उलट असतं: कॉइल रिकामी, टाकीत दाब. छिद्र असेल तर मीडिया कॉइलमध्ये येतो. म्हणून होल्डच्या वेळी कॉइलचा ड्रेन किंचित उघडून कंडेन्सेट गोळा करा आणि त्यात साखर व गढूळपणा पाहा. खर्च काहीच नाही आणि गळती ज्या गरम अवस्थेत उघडते त्याच अवस्थेत ती पकडली जाते. थंड टाकीवर केलेली हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पास होते आणि छिद्र तसंच राहतं, हे फार वेळा घडतं, विशेषतः सपोर्ट क्लॅम्पखाली घासून पडलेल्या छिद्रांचं.

साखर सापडली तर टाकी रिकामी करून, गरम असतानाच, कॉइलमध्ये फ्लुओरेसीनचं (अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचं) पाणी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने ३० मिनिटं धरा. दाब उतरवून टाकी थंड झाल्यावर, बंदिस्त जागेत शिरण्याची परवानगी आणि प्राणवायूची मोजणी झाल्यावरच, अतिनील दिवा घेऊन आत उतरा.

हवेचे फिल्टर बदलले म्हणता, पण ते ओले होतात का? ०.२ मायक्रॉनचा पीटीएफई कार्ट्रिज कोरडा असेपर्यंतच भरवशाचा. हवा फिल्टरपर्यंत येताना दवबिंदूपेक्षा १०-१५° गरम असली पाहिजे. वाफ देताना आरपार दाबाचा फरक ०.३ बारच्या वर गेला की कार्ट्रिज सुरकुततो आणि नवा फिल्टर पहिल्याच दिवशी निकामी होतो. बसवल्यावर, वाफ देऊन झाल्यावर, वॉटर इंट्रुजन टेस्ट (पाण्याच्या दाबाने फिल्टर अखंड आहे का ते पाहणं) करा. न वापरलेल्या फिल्टरचा दाखला इथे उपयोगाचा नाही.

पेट्रीडिश

खूप आभार. जपून ठेवलेले आयसोलेट (शुद्ध केलेले जंतू) ताडून पाहिले: सगळे एकाच तऱ्हेचे, बीजाणूधारी, हालचाल करणारे. ग्राम निगेटिव्ह काही नाही. होल्डमध्ये कॉइलच्या कंडेन्सेटला साखर आली नाही. सोयापीठ आणि कॅल्शियम कार्बोनेट मॅनहोलमधून कोरडंच पाण्यावर ओतलं जातं, तेव्हा पाणी साधारण ७०° असतं. अँटीफोम तेलाचा आहे, वेगळ्या २०० लिटरच्या पॉटमध्ये जॅकेटची वाफ देऊन १२१° वर ३० मिनिटं.

उत्तर ४ – बीजाणू

मग आधी तपासायच्या संशयाच्या जागा दोन, आणि दोन्ही तुम्हीच सांगितल्यात.

७०° च्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतलं पीठ कोरडं राहतं. त्या कोरड्या गाभ्यात पाणी नाही म्हणजे ओली उष्णताही नाही, आणि कोरड्या उष्णतेत बीजाणू मारायला १६० ते १७०° आणि एक ते दोन तास लागतात. गोळा नंतर ढवळण्यात फुटतो आणि बीजाणू मोकळे होतात. बॅच अधूनमधूनच बिघडते त्याचंही कारण यात आहे: गोळे होणं पीठ किती भरभर ओतलं यावर ठरतं. पीठ ६० मेशच्या चाळणीतून गाळा, वेगळ्या टाकीत ४५° च्या खाली दहापट पाण्यात अर्धा तास भिजवा, आणि गाळणीतून पंप करूनच फर्मेंटरमध्ये न्या. स्टार्चही थंड पाण्यातच कालवा. नंतर ७० ते ८५° पर्यंत उष्णता सहन करणारं अल्फा-अमायलेज वापरत सावकाश तापवा, म्हणजे घट्टपणा राहणार नाही.

कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकात अडकलेले बीजाणू उघड्या बीजाणूंपेक्षा खूप जास्त उष्णता सोसतात. प्रत्येक लॉट तपासा: १० ग्रॅम १०० मि.लि. पाण्यात, १२१° वर ३० मिनिटं, मग निर्जंतुक न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये ३५° ला ७ दिवस. वाढ आली तर तो लॉट परत.

तेलाचंही तसंच. पॉटमध्ये पाणी नसेल तर १२१° वरचं तेल म्हणजे कोरडी उष्णता. ५ ते १० टक्के पाणी घाला, सतत ढवळत ठेवा, १२१-१२५° वर किमान एक तास. तपासायला तेल ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घातलेल्या ब्रॉथमध्ये कालवून ठेवा, नुसतं प्लेटवर टाकलेलं तेल काही सांगत नाही.

उत्तर ५ – वाफ आणि व्हॉल्व्ह

यातलं कोणतं, हे कोऱ्या बॅचने ठरेल. मीडिया नेहमीच्या पद्धतीने बनवा, सीड देऊ नका, हवा आणि ढवळणं चालू ठेवून ३२° ला ७२ तास धरा, दर १२ तासांनी वरच्या ब्रॉथ पद्धतीने तपासा. अँटीफोम पहिले ३६ तास अजिबात देऊ नका. फेस आलाच तर हवा कमी करा. ३६ तासांच्या आत वाढ दिसली तर दोष मीडियात किंवा टाकीत. एक पेशी दिसू लागायला किती वेळ लागतो ते वर आलंच आहे. ३६ तास कोरे गेले तर नेहमीचा अँटीफोम सोडा आणि पुढे पाहत राहा. दोन बदल एकाच बॅचमध्ये करू नका, नाहीतर बॅच सुधारेल पण कारण हाती लागणार नाही.

कोऱ्या बॅचच्या आधी टाकी २ टक्के कॉस्टिकने ८०° ला तासभर धुवा, सगळे ओ-रिंग आणि डायफ्रॅम बदला. प्रोबच्या ओ-रिंग गरम टाकीवर चपट्या होतात आणि बाहेरून ते कळत नाही. बिघडलेली बॅच सोडण्याआधी ती टाकीतच १२१° वर ३० मिनिटं मारा. जिवंत ब्रॉथ ड्रेनमध्ये गेला की तेच बीजाणू फरशीवरून आणि धुलाईच्या नळीवरून सीड जोडायच्या जागेपर्यंत पोहोचतात, आणि मग पुढच्या तपासात आयसोलेट तोच निघूनही वाट मात्र वेगळी असते.