कनेक्टिंग फ्लाइट आणि मधला विमानतळ: आपापले अनुभव लिहा

मागच्या महिन्यात एका मोठ्या विमानतळावर आमची कनेक्टिंग फ्लाइट डोळ्यांदेखत गेली. काचेपलीकडे विमान उभं, पण गेट बंद. तिकिटावर मधला वेळ १ तास ५० मिनिटं होता. पहिलं विमान २५ मिनिटं उशिरा उतरलं, मग त्याला उभं राहायला जागा मिळेना, मग शिडी, मग बस. इमारतीत पाय ठेवला तेव्हा हातात ५० मिनिटं उरली होती. पुढे सिक्युरिटीची रांग आणि त्यानंतर दुसऱ्या टर्मिनलला नेणारी ट्रेन. गेट वीस मिनिटं आधी बंद होतं हे बोर्डिंग पासवर बारीक अक्षरांत होतं. ते मी निवांत वाचलं, विमान गेल्यावर.

एकच तिकीट होतं म्हणून सकाळच्या विमानात जागा मिळाली. आता मधला वेळ किती ठेवावा, कुठला विमानतळ सोयीचा, यावर ऐकायचंय. लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

*

“एकच तिकीट होतं” हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळी मेख तिथेच आहे. मी स्वस्तात पडतं म्हणून दोन एअरलाइन्सची वेगवेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान तीन तास लेट. दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी मी आलोच नाही, त्यामुळे परतीचा टप्पाही रद्द. वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट घालवून नवं तिकीट घेतलं.

एका पीएनआरवर सगळे टप्पे असले की पुढे पोचवायची जबाबदारी एअरलाइनची. युरोपियन युनियनचा २६१/२००४ नियम ज्या प्रवासाला लागू होतो, तिथे शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष एअरलाइनचा असला, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. दोन तिकिटांच्या मधल्या फटीत पडलात तर कुणी विचारत नाही.

*

अमेरिकेत उतरून पुढे जाणाऱ्यांसाठी. तिथे आतल्या आत ट्रान्झिट हा प्रकारच नाही. पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करायचं, सहसा बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या, पुन्हा सोपवायच्या आणि परत सिक्युरिटी. तिसऱ्याच देशात जायचं असलं तरी हेच, म्हणजे व्हिसाही बघून ठेवायचा. मी तीन तासांच्या आतलं कनेक्शन घेत नाही. अबू धाबी किंवा आयर्लंडमधल्या डब्लिन, शॅननहून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन चढण्याआधीच उरकतं आणि उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं चालू लागायचं. तिकडची रांग मात्र चढण्याआधीच्या वेळात धरा.

*

चेक-इनला बॅगेचा टॅग वाचा. तीन अक्षरी कोड शेवटच्या गावाचा आहे की मधल्या, एवढंच बघायचं. माझ्या टॅगवर मधला कोड होता. मी पुढे गेले, बॅग तिथल्या पट्ट्यावर गोल गोल फिरत राहिली. चौथ्या दिवशी आली. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करून नंबर घ्या. ‘घरी जाऊन मेल करू’ म्हणाल तर पस्तावाल.

*

आई-बाबा पहिल्यांदाच एकटे येत होते. बाबांची ठाम भूमिका: “मला काय झालंय? मी चालतो की!” चालतात, पण दोन किलोमीटर नाही, आणि इंग्रजी बोर्ड वाचत तर नाहीच. शेवटी “व्हीलचेअर आजारी माणसासाठी नसते बाबा, वाट दाखवायला माणूस मिळतो” असं सांगून पटवलं.

बुक करताना कळलं की व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिने चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही नको. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. आईचे गुडघे गेलेत, तिला मी चुकून पहिला प्रकार टाकला. मधल्या विमानतळावर विमान लांब उभं राहिलं आणि शिडी समोर आली. आई कठड्याला धरून एकेक पायरी बसत उतरली. फोनवर सांगताना हसत होती, पण मला रात्रभर झोप लागली नाही. परत जाताना दुसरा प्रकार घेतला, तर उचलणारी गाडी थेट दाराला लागली.

विनंती किमान ४८ तास आधी नोंदवा आणि चेक-इनला पुन्हा विचारा. मधला वेळ अडीच-तीन तास हवाच, कारण व्हीलचेअरवाले सगळ्यांत शेवटी उतरतात आणि ढकलणारा माणूस मिळेपर्यंत थांबावं लागतं. एका कागदावर फ्लाइट नंबर, माझा फोन आणि “आम्हाला पुढच्या गेटला सोडा” असं मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून दिलं होतं. आईने तो पासपोर्टबरोबर जपून ठेवलाय अजून.

*

सोयींबद्दल कुणीच लिहीना, म्हणून मी. सिंगापूरच्या चांगीत आठ तास मजेत गेले: फुलपाखरांची बाग, फुकट सिनेमा. पण ४० मीटरचा प्रसिद्ध धबधबा ज्वेल नावाच्या, विमानतळाला जोडलेल्या मॉलमध्ये आहे आणि ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर. बाहेर पडायचा परवाना नसेल तर टर्मिनल २ आणि ३ मधल्या स्कायट्रेनमध्ये बसा, ती ज्वेलमधूनच जाते. मी चार फेऱ्या मारल्या. दोह्याला मोठा पिवळा टेडी दिव्याखाली बसलाय, चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून बेस्ट. सोलच्या इंचॉनला ट्रान्झिटवाल्यांसाठी शॉवर फुकट आहेत. ॲमस्टरडॅमच्या शिफोलमध्ये चक्क वाचनालय आहे.

कुठलीही सोय वाचली की आधी बघा, ती इमिग्रेशनच्या आत आहे की बाहेर. एका ठिकाणी हॉटेल बुक करून बसलो होतो, ते निघालं बाहेरच्या बाजूला. रात्र खुर्चीत काढली. खुर्चीला मधे हात होते, हेही सांगून टाकतो.

*

मी उलट्या मताचा. सगळे तीन तास, चार तास म्हणताहेत, मी सव्वा तासावर बिनधास्त जातो. अट दोनच: टर्मिनल तेच हवं आणि त्या रात्रीचं ते शेवटचं विमान नको. दुसरी अट जास्त महत्त्वाची. मागून आणखी दोन विमानं असतील तर चुकलं तरी दोन-चार तासच जातात, शेवटचं असेल तर रात्रच गेली. आणि पहिल्या विमानात सीट पुढची घ्या हो! मागून उतरायला वीस मिनिटं सहज लागतात.

*

उलट्या मतवाल्यांना: पॅरिसच्या शार्ल द गॉलवर “टर्मिनल २” म्हणजे ए पासून जीपर्यंत वेगवेगळ्या इमारती आहेत, आणि त्यातलं जी इतकं लांब की बसने जावं लागतं. तेव्हा ‘टर्मिनल तेच’ म्हणताना पुढचं अक्षरही वाचा.

*

छोटीशी भर. विमान भरलेलं असलं की गेटवर केबिन बॅग काढून घेतात आणि खाली टाकतात. देण्याआधी पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढा. पॉवर बँक खाली चालतच नाही. मी घाईत बॅग दिली, टॅग शेवटच्या गावाचा लागला, आणि नऊ तासांच्या थांब्यात पायात विमानातल्या त्या कागदी सपाता. बूट बॅगेत होते.

*

धागाकर्ता: सपातांवरून आठवलं, त्या रात्री माझा मोजा ओला होता. आता तिकीट बदलायला बसलोय. १ तास ५० चं कनेक्शन ९० युरो स्वस्त दिसतंय, बायको मागे उभी आहे.