मुलांबरोबर केलेले स्नोमॅन : आपापले अनुभव लिहा

पार्लेकरीण
आज माळा आवरताना लेकाचा बालवाडीतला कापसाचा स्नोमॅन सापडला. कापूस पिवळा पडलाय, एक बटणाचा डोळा गळालाय, पण आजेसासूबाईंच्या इरकलीच्या काठाचा मफलर अजून शाबूत! लेक आता दहावीला. तेव्हा बर्फ कशाशी खातात हे माहीत नव्हतं त्याला, पण कापूस पिंजत असा रमला होता की जेवायला उठेना. तुम्ही कशाचे केलेत? लिहा ना.

चाळकरी
फेव्हिकॉल पुठ्ठ्याला लावायचा, कापूस कोराच ठेवायचा. उलटं केलं की सगळा कापूस बोटांना. आमची नात तसेच हात घेऊन "मी पण स्नोमॅन" करत गॅलरीभर फिरली, चार बिऱ्हाडं बघायला बाहेर आली.

ठाणे_स्लो
मोज्याचा!! शाळेच्या पांढऱ्या मोज्यांतला एक हरवतोच, दुसरा पडून असतो. घोट्यापाशी कापायचा. वरच्या नळीचं एक तोंड रबरबँडने बांधून उलटी करायची, तांदूळ भरून वरचं तोंड बांधायचं, मध्ये आणखी एक रबर. झालं डोकं आणि पोट. उरलेल्या पंज्याची टोपी. तांदूळ भरायचं काम पोराचं, आपण हात लावायचा नाही. अर्धे जमिनीवर सांडतात, सांडू देत, तीच तर मजा आहे त्यांची. मुलुंड आलं, बाकी घरी गेल्यावर लिहिते

रवालाडू
तांदूळ आधी कोरडे भाजून पूर्ण गार करून भरा गं. आमच्याकडे पावसाळ्यात स्नोमॅनच्या पोटातून पोरकिडे निघाले.

ठाणे_स्लो
ईईई 😂 भाजते

मनू_ची_आई
आमच्या शाळेचा मेसेज रात्री आला, सकाळी स्नोमॅन आणा. मनूने स्वतः केला, पेपर प्लेटचा, नाक कपाळावर. वर्गात मांडले ते सगळे आईबाबांनी केलेले चकाचक, हिचा कपाटामागे. चार वर्षांचं पोर काही बोललं नाही, मलाच रडू आलं. मुलाच्या हातचं हवं नसेल तर मागता कशाला?

चाळकरी
मनूच्या आई, तो स्नोमॅन दिवाणखान्यात लावा. नाक कपाळावरच राहू द्या.

रवालाडू
+१. फोटो टाक, आम्हाला बघायचाय.

कुर्ला_पूर्व
आईकडे जुना सिंगल डोअर फ्रीज आहे. डीफ्रॉस्ट करताना भुसभुशीत बर्फ निघतो ना, तो परातीत घेऊन दोन्ही मुलांनी वीतभर स्नोमॅन केला. लवंगांचे डोळे, नाक लाल गाजराचं, थंडीत हलव्यासाठी आणतो तेच. वितळायला लागल्यावर धाकटी पंख्याखालून हलवा म्हणाली, मोठा म्हणाला फ्रीजमध्ये परत ठेवा. त्यावर जे भांडण जुंपलं! तोवर परातीत पाणी आणि दोन लवंगा.

गिरगावची_मावशी
थर्माकोलचे मणी तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, नाकात जातात. आमच्या शेजारच्या बाळाला रात्री डॉक्टरांकडे न्यावं लागलं. तसंही आपल्याकडे २०१८ पासून थर्माकोलवर बंदी आहे. कापूस, कागद, कणीक काय वाईट?

भूगोलवेडा
कागदी हिमकण कापताना घडी सहा भागांची घाला. आधी अर्धा, मग त्याचे तीन. अर्ध्याचा अर्धा करत गेलं की आठ पाकळ्या येतात, खऱ्या हिमकणाला सहाच असतात. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचना धरतात म्हणून. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला हे इतकं आवडलं की आता ती भेटकार्डांवरच्या पाकळ्या मोजते.

चाळकरी
बर्फ नसला तरी थंडी पाहिलीय हो मुंबईने. २२ जानेवारी १९६२, सांताक्रूझला ७.४ अंश.

रवालाडू
बाप रे! इथे १८ झालं की आम्ही स्वेटर काढतो.

मनू_ची_आई
फोटो टाकलाय. थँक्यू सगळ्यांना. मनूला संक्रांतीच्या हलव्याचा पण करायचाय म्हणे.

गिरगावची_मावशी
नाक कित्ती गोड! हलवा कणकेच्या गोळ्यावर टोचायला सांग, फेव्हिकॉल नको. चिकटवलेला हलवा खातात गं पोरं.

कुर्ला_पूर्व
पार्लेकरीण, इरकलीचे सुटे काठ कुठे मिळतात? भाचीच्या परकराला हवेत.

पार्लेकरीण
हिंदमाताला विचारून बघ. नाहीतर माझ्याकडे त्याच साडीचा उरलाय थोडा, मेसेज कर.