अपेक्षाभंग करणारे चित्रपट: नाव नको, अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात एक चित्रपट पाहून बाहेर पडलो आणि तोंडातून शब्द फुटेना. वाईट होता म्हणावं, तर तसंही नाही. चार महिने वाट पाहिली होती, ट्रेलर पंधरा-वीस वेळा पाहिला होता, गाणी पाठ झाली होती. सोबत मित्र होता. परतीच्या वाटेवर दोघंही गप्प. शेवटी जिन्यात तो एवढंच म्हणाला, "ट्रेलर चांगला होता रे."

निव्वळ भंगार चित्रपट हा वेगळा विषय. तिथे आपण ठरवूनच जातो, खिदळतो, विसरतो. इथे हवाय तो अपेक्षाभंग. काय मनात धरून गेला होतात आणि हाती काय आलं, ते लिहा. एकच अट, हल्लीच्या चित्रपटांची नावं नकोत. नाव आलं की त्या नटाचे भक्त येतात आणि मूळ विषय बोंबलतो. जुन्या, इतिहासजमा उदाहरणांना सूट आहे.

*

माझी तक्रार चित्रपटापेक्षा माझ्याच वाचनाबद्दल असावी. कॉलेजात असताना एक कादंबरी तीनदा वाचली होती. त्यातली नायिका माझ्या डोक्यात हाडकुळी, बोलताना अडखळणारी, समोरच्याकडे न बघणारी. पडद्यावर आली ती तेजस्वी, ठसठशीत, प्रत्येक वाक्य टाळी घेईल असं बोलणारी. अभिनेत्रीने काम उत्तमच केलंय, मी नाकारत नाही.

खरा घाव नंतर बसला. डोकं शांत करायला पुन्हा कादंबरी उघडली, तर पानापानावर त्या अभिनेत्रीचाच चेहरा. माझी ती हाडकुळी मुलगी काही केल्या आठवेना. वीस वर्षं जपलेली होती हो. तेव्हापासून आवडत्या पुस्तकावर चित्रपट येतोय म्हटलं की मी चार हात लांब राहते.

*

अतिदक्षता विभागात चौदा वर्षं नर्स आहे. रुग्णालयावरचा एक चित्रपट आला होता, "अगदी आत घडतं तसं" अशी जाहिरात. आम्ही पाच-सहा जणी ड्यूट्या बदलून घेऊन गेलो. पहिला तास खरोखर छान होता. रात्रपाळीत खुर्चीतच लागणारी डुलकी, नातेवाइकांचे तेच ते प्रश्न, सगळं बरोबर. आम्ही एकमेकींना कोपरखळ्या मारत होतो.

मग मॉनिटरवरची रेषा सपाट झाली, डॉक्टर "शॉक!" म्हणून ओरडले, छातीवर पॅडल ठेवले आणि पेशंट जागा झाला. आमच्या रांगेतून सामूहिक सुस्कारा निघाला. अहो, सपाट रेषेला शॉक देत नाहीत! हृदय नुसतंच थरथरत असेल, तेव्हा त्याचा ताल परत बसवायला शॉक असतो. ठोकेच थांबले असतील तर छाती दाबत राहायचं आणि ॲड्रेनलिन द्यायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंमी खोल. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलावा लागतो, कारण हात भरून येतात आणि आपण हळू पडलोय हे आपल्याला कळतसुद्धा नाही. एकीकडून दुसरीकडे ती छाती सोपवताना खोलीत जी शांतता असते ना, ती दाखवली असती तर प्रेक्षक खुर्चीला खिळला असता. नाट्य हवं होतं तर ते तिथेच होतं. इतर चित्रपटांत हेच पाहून मी हसते. या एकाचाच राग आला, कारण तासभर त्याने विश्वास बसवला होता.

*

जिन्यातल्या मित्राला माझा नमस्कार सांगा. मी काही वर्षं ट्रेलर कापायच्या कामात होतो. लोकांना वाटतं, चित्रपट पूर्ण होतो आणि मग त्यातून ट्रेलर निघतो. बऱ्याचदा तसं नसतं. मूळ संकलन चालू असतानाच आमच्याकडे कच्चं फुटेज येतं. आम्ही घेतलेला शॉट पुढे चित्रपटातून उडतो, पण ट्रेलर तोवर लाखोंनी पाहिलेला असतो. संगीतही पुष्कळदा बाहेरून आणून चिकटवलेलं. एका ढिम्म कौटुंबिक कथेचा मी असा काही वेगवान ट्रेलर केला होता की दिग्दर्शकानेच विचारलं, "हा कुठला सिनेमा?" तो पाहून जे गेले त्यांची क्षमा मागतो. फार मनापासून नाही, कारण पगार त्याचाच मिळत होता.

*

ट्रेलरवरून आठवलं, हे प्रकरण आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०१६ च्या 'फॅन'च्या जाहिरातीत एक गाणं जोरात वाजत होतं, प्रत्यक्ष चित्रपटात ते नव्हतंच. एक प्रेक्षक बाई ग्राहक मंचात गेल्या. जिल्हा पातळीवर तक्रार फेटाळली गेली, राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला सांगितला, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रोमो म्हणजे निर्मात्याने प्रेक्षकाला दिलेलं वचन नव्हे, असा निकाल.

कायद्याने बरोबर असेल. पण मी बाईंच्या बाजूने आहे. गाण्यासाठी गेलेल्या माणसाला गाणं मिळायला हवं, एवढं साधं आहे ते.

*

"शेवटी असा धक्का आहे ना, सांगत नाही, तू बघच." मेहुण्याचं हे वाक्य. दोन तास मी प्रत्येक पात्रावर संशय घेत बसले, मोलकरणीवर, पोस्टमनवर, मांजरावर. विसाव्या मिनिटाला अंदाज केला होता तोच निघाला. रहस्य कुणी फोडलं नव्हतं. रहस्य आहे, एवढं सांगणंही पुरलं.

*

मी अपेक्षाभंग करून घेतला तो चुकीची प्रत पाहून. 'ब्लेड रनर' या इंग्रजी विज्ञानपटाबद्दल इतकं वाचलं होतं की श्रद्धेने बसलो. सुरुवातीपासून नायक कंटाळलेल्या आवाजात, समोर दिसतंय तेच समजावून सांगतोय. शेवटी इतका वेळ काळोखात, पावसात भिजलेली गोष्ट एकदम हिरव्या डोंगरातून मोटारीने निघते. मी म्हटलं, हेच का ते?

नंतर कळलं की मी १९८२ ची, चित्रपटगृहात लागलेली आवृत्ती पाहिली. ते निवेदन आणि तो गोड शेवट स्टुडिओच्या आग्रहाचा. डोंगरांची हवाई दृश्यं तर 'द शायनिंग' या दुसऱ्याच चित्रपटासाठी चित्रित झालेल्या, न वापरलेल्या फुटेजमधून घेतलेली. २००७ च्या 'फायनल कट' या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत यातलं काही नाही. तो पाहिला. चांगला आहे. पण गंमत अशी, की आता त्या शांततेत मला ते भिकार निवेदन आपोआप ऐकू येतं.

*

पुरस्कारविजेता, शांत, संथ. झोप लागली. जागा झालो तेव्हा तोच माणूस त्याच खिडकीत. काही चुकलं नाही असं शेजारच्याने सांगितलं.

*

दर वेळी चित्रपटालाच का धारेवर धरायचं? 'कागज के फूल' १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्यावरचा चित्रपट. तो पडला आणि त्यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपलं नाव लावलं नाही. 'मेरा नाम जोकर' १९७० चा, चार तासांच्या आसपास, दोन मध्यंतरं. तोही पडला. लोकांना राज कपूरकडून जे हवं होतं ते त्यांनी १९७३ मध्ये 'बॉबी'त दिलं आणि लोक तुटून पडले. आज 'जोकर'वर हळवे होणारे आपणच, अपेक्षाभंग झालेलेही आपल्याच आधीच्या पिढीतले.

तरीपण खरं सांगू? 'जोकर'च्या दुसऱ्या मध्यंतरानंतर मीही घड्याळ पाहिलं होतं.

*

माझा अनुभव जरा लांबेल.

वडील लहानपणापासून एका कृष्णधवल चित्रपटातला प्रसंग सांगायचे. स्टेशन, पाऊस, गाडी सुटते, नायक चढत नाही. हातातली छत्री मिटून बाकावर ठेवतो आणि भिजत चालू लागतो. मागे वळून बघत नाही. आम्हा भावंडांना तो इतका पाठ होता की वडिलांनी सुरुवात केली की धाकटा उठून छत्री ठेवायची नक्कल करायचा.

मागच्या वर्षी त्या चित्रपटाची स्वच्छ केलेली प्रत मिळाली. वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं, दिवे मालवले. स्टेशन आलं. पाऊस नव्हता. छत्री नव्हती. नायक सरळ गाडीत चढला आणि गाडी गेली.

"मागे घे," वडील म्हणाले. घेतलं. परत चढला.

"कापलंय यांनी." मी जुन्या नोंदीतली लांबी काढून दाखवली, मिनिटाचाही फरक नव्हता. त्यावर ते काही बोलले नाहीत. उरलेला चित्रपट आम्ही पाहिला, पण माझं लक्ष कुठे होतं? मी छत्रीचीच वाट पाहत होतो.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "अरे, नावात माझी गफलत झाली असेल. तो दुसरा कुठला तरी असणार. बघ जरा."

तेव्हापासून बघतोय. अजून सापडलेला नाही. कुणाला ठाऊक असेल तर कृपया इथे लिहा: स्टेशन, पाऊस, बाकावर ठेवलेली छत्री. नायकाला मिशी होती असं वडील म्हणतात, पण त्यावर फार विसंबू नका.